न चाखलेली कढी

माझ्या सासूबाईंच्या हातचा स्वयंपाक साध्या दिवशी बिघडायचा आणि सणाच्या दिवशी अगदी नेमका व्हायचा. एखाद्या वेळी झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण मागच्या थंडीपासून हे असंच चाललं होतं. आज आमटी खारट, उद्या भाजी अळणी, परवा कोशिंबिरीत मीठच मीठ. आणि चतुर्थी उजाडली की त्याच बाई, तोच गॅस, तेच मीठ, पण अळूच्या भाजीपासून मसालेभातापर्यंत बोट ठेवायला जागा नाही.

"सणाला देवाची कृपा असते," नवरा म्हणाला आणि त्यानं ताकाचा पेला तोंडाला लावला.

"मग बाकीच्या दिवशी देव सुट्टीवर जातो का?"

"तू ना, जेवायला बसलीस तरी लॅबच चालवतेस."

ते खरं आहे. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या रक्तात कारणं शोधायची आणि घरी आल्यावर डोकं बंद करून जेवायचं, हे मला जमत नाही. माहेरी मला चौकशीची खिडकी म्हणायचे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ती खिडकी काही बंद झालेली नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं काय कोडं घालून बसलीस, सरळ विचारायचं. असं सुचवणाऱ्याला सासू नसावी. सुनेनं सासूला "आमटीत मीठ जास्त पडलंय" म्हणणं ही साधी गोष्ट नसते. त्यातून माझ्या सासूबाई, म्हणजे आई, या आमच्या कॉलनीत त्यांच्या हाताच्या चवीवरच ओळखल्या जातात. त्यांच्या आजेसासऱ्यांनी मिलमधल्या कारकुनीसाठी इंदूर गाठलं, तेव्हापासून या घरचं जेवण धड मराठी राहिलेलं नाही आणि धड माळव्याचंही झालेलं नाही. आमटीत बडीशेप पडते, श्रीखंडाच्या शेजारी कचोरी बसते, पोह्यांवर शेव नसेल तर घरात उपोषण होतं. आणि जे काही होईल त्याच्या वाट्या शेजारीपाजारी जातात. आईंच्या मते, घरातल्यांपुरताच स्वयंपाक करणं म्हणजे दार लावून जेवणं.

त्यामुळे मी विचारलं नाही, शोध सुरू केला. पहिला संशय मिठावर. सियागंजच्या ठोक बाजारातून वर्षाचा किराणा भरतो तेव्हा या वेळी मीठ वेगळं आलं होतं, जरा बारीक. मी गुपचूप पुडा बदलला. काही फरक पडला नाही. मग वाटलं, सणाचं मीठ वेगळ्या बरणीतलं असेल. तसंही नव्हतं. मग डोळे. चष्म्याचा नंबर वाढला असेल, मीठ किती घेतलं ते दिसत नसेल, म्हणून डोळे तपासून आणले. नंबर होता तोच निघाला. शिवाय दिसत नसतं तर सणालाही दिसलं नसतं. दर वेळी मी याच ठिकाणी येऊन अडायची.

एक दिवस समोरच्या घरातल्या भाभी वाटी परत द्यायला आल्या. त्या मूळच्या माळव्यातल्या, आईंच्या कढीच्या जुन्या भक्त. आमच्या शहरात लोक बाकी कशाबद्दलही गोड बोलतील, पण खाण्याच्या बाबतीत खोटं बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. भाभी दारातच घुटमळल्या.

"आंटीजी की तबियत तो ठीक है ना?"

"हाँ, क्यों भाभी?"

"नी, ऐसे ही. परसों की कढ़ी अच्छी थी. बस, नमक थोड़ा ज़्यादा ही मेहरबान हो गया था."

मी हसले, पण माझ्या मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. आईंनी ऐकलं होतं. त्यानंतर चार-पाच दिवस घरातलं सगळं अळणी झालं.

आणि मग भिया आले. हे आमच्या कॉलनीतल्या मंदिराच्या समितीचे. वय साठीच्या पुढे, पण इंदूरमध्ये माणूस एकदा भिया, म्हणजे भैया, झाला की शेवटपर्यंत भियाच राहतो. दिवाळी झाली की इथे देवळादेवळांत अन्नकूट होतं. देवाला सगळ्या अन्नाचा मोठा नैवेद्य दाखवायचा आणि मग अख्खी कॉलनी पंगतीला बसते. आमच्या मंदिरात पुऱ्या आणि सगळ्या भाज्या एकत्र करून केलेली भाजी हलवाई करतो, पण कढी आईंची. त्या या घरात आल्या तेव्हापासून. लोक पुरीसाठी येतच नाहीत, कढीसाठी येतात, असं भिया स्वतःच दरवर्षी म्हणायचे.

या वेळी ते खुर्चीच्या टोकावर बसले. "आंटीजी, इस बार आप आराम करो. कढ़ी भी अपन हलवाई से ही करवा लेंगे. आप तो बस आके आशीर्वाद दो."

मला वाटलं, आता फटाके फुटणार. एका वर्षी हलवाईनं कढीत नुसतीच पळी फिरवली होती, तर आईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली होती. पण आई म्हणाल्या, "हाँ, ठीक है भैया. मेरे भी पैर अब दुखते हैं."

त्यांचे पाय दुखत नाहीत. तिळी चतुर्थीला खजराण्याच्या गणपतीच्या रांगेत त्या माझ्यापेक्षा जास्त वेळ उभ्या राहतात. भिया सुटका झाल्यासारखे उठले. आई चहाचे कप घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ तेच दोन कप विसळत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. आतापर्यंत माझी ही नुसती उत्सुकता होती. पण आता कारण सापडलं नाही तर आईंची कढी त्यांच्या हातून जाणार होती, आणि कढी गेली की ओटाही फार दिवस राहणार नव्हता, हे मला दिसत होतं.

म्हणून रविवारी मी भाजी चिरायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात ठाण मांडलं आणि कांद्याकडे कमी, आईंकडे जास्त बघत बसले. आमटीला उकळी आली. आईंनी चिमटीनं नाही, मुठीच्या अंदाजानं मीठ टाकलं. मग पळीतून दोन थेंब तळहातावर घेतले आणि चाखले. थांबल्या. पुन्हा थेंब घेतले, पुन्हा चाखले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, बरं नाही की वाईट नाही. मग त्यांनी आणखी मीठ टाकलं. पुन्हा तेच. दुपारी आमटी घशाखाली उतरेना.

त्याच आठवड्यात संकष्टी आली. संध्याकाळी आईंनी त्याच पातेल्यात तशीच आमटी टाकली. मुठीच्या अंदाजानं एकदा मीठ घातलं, झाकण ठेवलं आणि त्या फुलं निवडायला निघून गेल्या. चाखायचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात नैवेद्याची चव बघत नाहीत. देवाच्या आधी आपली जीभ लागायला नको. आईंच्या सासूबाई तर म्हणे वाससुद्धा घेऊ द्यायच्या नाहीत.

मी सुरी हातात घेऊन तशीच उभी राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी मीठ बदललं, डोळे तपासले, बरण्या शोधल्या, आणि साध्या दिवसात आणि सणात फरक होता तो एवढाच. साध्या दिवशी आई चाखत होत्या.

तरी लॅबची सवय. खात्री केल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी आई पेपर वाचत होत्या, तेव्हा मी हिंगाची डबी उघडून त्यांच्या कोपराशी ठेवली. खडा हिंग होता, आतल्या खोलीत झोपलेला नवरा उठून बाहेर आला आणि म्हणाला, "काय जाळताय?" आई राशिभविष्य वाचत राहिल्या.

तो बाहेर गेल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले. "आई, तुम्हाला वास येत नाही ना? आणि चवही."

त्यांनी पेपरची घडी घातली, मग घडीची आणखी एक घडी. "कोणी सांगितलं?"

"हिंगानं."

त्यांनी डबीकडे बघितलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचे डोळे भरून आले. "तो ताप आला होता ना थंडीत, त्याच्यानंतर गेली. वाटलं, येईल चार दिवसांत. मग झाकली मूठ म्हणून बसले. किसको बोलू? चव गेलेल्या बाईच्या हातचं कोण खाणार?"

"मग इतके दिवस कसं केलंत?"

"तुमच्या तोंडाकडे बघते ना. पहिल्या घासाला कळतं. तू खारट लागलं की पाणी पिते. तो काही बोलत नाही, पण भात ज्यादा घेतो." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "बेटा, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला ओट्यावरून उठवलं असतं. प्रेमानं उठवलं असतं. म्हणून तर मग मला भांडताही आलं नसतं."

आम्ही अगदी तेच केलं असतं.

डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, तापानंतर असं होतं, परत येईलही, कदाचित नाहीही, वाट बघा. वाट बघायला आईंची ना नव्हती. प्रश्न रोजच्या आमटीचा होता. मी म्हटलं, मी चाखून सांगत जाईन. आई ताडकन म्हणाल्या, "मग तूच कर ना. चाखणार तू, मीठ सांगणार तू, तर माझी काय फक्त पळी?" ते मला पटलं. माझ्या जिभेनं केलेली आमटी माझी झाली असती.

"मग चाखूच नका," मी म्हटलं. "रोजचा स्वयंपाक नैवेद्य समजून करा. तुमचा हात चुकत नाही, आई. हात एकदम करेक्ट आहे. चाखता आणि काही लागत नाही, म्हणून तुम्ही तो दुरुस्त करायला जाता, तिथे बिघडतं."

"कुछ भी! न चाखता लोकांना वाढू?"

"देवाला वाढता की."

"देवाला चालतं गं. देव काही बोलत नाही. इंदूरवाले बोलतात."

पण दुसऱ्या दिवशी वरणात पळी बुडवल्यावर त्यांचा हात सवयीनं तळव्याकडे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी पळी खाली ठेवली आणि झाकण लावलं. जेवायला बसल्यावर त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. वरण उत्तम होतं. मी पाण्याला हात लावला नाही, नवऱ्यानं भात ज्यादा घेतला नाही. आई एवढंच म्हणाल्या, "हं." त्यानंतर एखाददुसरा दिवस चुकला, तोही त्या घाबरून चाखायला गेल्या म्हणून.

मी हळूच कढीचा विषय काढला. त्यांनी हातानंच नको नको केलं. "घरात ठीक आहे. तिकडे पूरी कॉलनी जेवणार. खारट झाली तर सगळ्यांच्या तोंडी होईल, आंटीजी गेल्या कामातून."

"आई, एक सांगा. अन्नकूटाची कढी तुम्ही आजपर्यंत कधी चाखली आहे?"

"नैवेद्याची? छी, कशी चाखणार?" त्या म्हणाल्या. मी त्यांना विचार करू दिला. इतक्या वर्षांत जी कढी खायला लोक पलीकडच्या कॉलनीतून येत होते, तिच्यात त्यांच्या जिभेचं काही कामच नव्हतं. जीभ असतानाही नव्हतं.

संध्याकाळी त्या स्वतः भियांच्या घरी गेल्या. मी मागे मागे. "भैया, हलवाई पूरी तलेगा, सब्ज़ी भी करेगा. कढ़ी मैं करूँगी."

भियांनी कानामागे खाजवलं. "आंटीजी, वो तो ठीक है, पर पूरी कॉलोनी जीमेगी..."

"मालूम है. इसीलिए तो."

अन्नकूटाच्या दिवशी सकाळी मंदिरामागच्या मांडवात चुलीवर मोठा भगोना, म्हणजे पातेलं, चढला. ताकात बेसन कालवून घातलं, आलं-मिरची ठेचून पडली, गुळाचा खडा गेला. तुपात मेथीदाणे आणि कढीपत्ता तडतडला तेव्हा मांडवातले सगळे वळून बघायला लागले, एकट्या आईंनाच त्याचा पत्ता नव्हता. त्या फक्त रंगाकडे बघत होत्या आणि पळीवरून धार कशी पडते ते. मग त्यांनी मीठ घेतलं. दोन्ही हातांची ओंजळ, थोडं परत, उरलेलं कढीत.

इथेच संपायला हवं होतं. पण हलवाई भट्टीवरून डोकावून बघत होता, भियाही कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि आईंचा हात पुन्हा मिठाच्या डब्यात गेला. मूठ भरून वर आली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले असते तर ती कढी त्यांची राहिली नसती. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले. आईंची मूठ भगोन्यावर थोडा वेळ तशीच राहिली. मग त्यांनी ती डब्यात रिकामी केली, हात झटकले आणि मला म्हणाल्या, "चल, झाकण आण."

नैवेद्य दाखवला, आरती झाली, पानं मांडली गेली. आई वाढायला गेल्या नाहीत. मांडवाच्या खांबाशी उभ्या राहून लोकांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. समोरच्या भाभींनी पहिला घोट घेतला आणि मान डोलावून द्रोण रिकामा केला. भिया दोन पुऱ्यांनंतर द्रोण पुढे करून बसले होते आणि वाढप्याला हाका मारत होते, "अरे भिया, कढ़ी इधर! इधर भी तो आदमी बैठे हैं!" पाणी कोणी मागत नव्हतं. आईंनी खांबाला टेकून डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून उगाच म्हणाल्या, "धूर किती झालाय."

सगळ्यांचं झाल्यावर आम्ही दोघी बसलो. भगोन्याच्या तळाशी थोडी दाटसर कढी उरली होती. मी दोघींच्या द्रोणांत वाढली. आईंनी एक घोट घेतला, आणि मला एकदम वाटलं की या बाईनं सकाळपासून सगळ्या कॉलनीला जे दिलं ते तिला स्वतःला मिळणारच नाही. मी विचारलं, "तुम्हाला काय लागतं आई? काहीच नाही?"

"गरम लागतं," त्या म्हणाल्या. "आणि जाड आहे, ते कळतं जिभेला. बस." मग खालमानेनं, "कशी झालीय? अच्छी है, असं नको सांगू. कशी झालीय ते सांग."

मी घोट घेतला आणि पहिल्यांदाच ती कढी नीट लक्ष देऊन प्यायले. "आधी आंबट येते," मी म्हटलं. "पण टोचत नाही. मग लगेच गूळ येतो, आंबटाच्या पाठीशी. गिळताना आलं लागतं, घशात, थोडं गरम."

"आणि मेथी?"

"मेथी नंतर येते. गिळून झाल्यावर. जिभेच्या मागे, अगदी किंचित कडू."

"कडू जास्त नाही ना?"

"नाही. कडू आहे म्हणून दुसरा घोट घ्यावासा वाटतो."

आईंनी डोळे मिटून घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरला. मग त्यांनी रिकामा द्रोण माझ्यापुढे केला.

"अजून वाढ," त्या म्हणाल्या, "आणि परत पहिल्यापासून सांग."